भाड्याचें आभाळ

आमच्या शिक्षणसंस्थांतून हल्लीं काटकसरीचें एक नवें शास्त्र उदयास आलें आहे. खोल्या झाडाव्या, रद्दी विकावी, जुनीं दप्तरें जाळावीं, हें शास्त्र जुनेंच. आतां त्याची दृष्टि ध्वनीकडे वळली आहे. दूरच्या कोठल्याशा यंत्रागारांत, ज्याला आजच्या भाषेंत क्लाउड म्हणतात, संस्थेनें ठेवलेल्या गाण्यांच्या फाइली फार झाल्या, नेमून दिलेली जागा भरली, तेव्हां त्या 'व्यवस्थित' कराव्या, अशीं परिपत्रकें निघूं लागलीं आहेत. व्यवस्थित करणें म्हणजे काय याचा खुलासा परिपत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदांत सांपडतो. एकाच रागाच्या अनेक प्रती असल्यास एक ठेवून बाकीच्या काढाव्या. मोठ्या फाइली लहान कराव्या. आणि जें इंटरनेटवर अन्यत्र मिळतें तें ठेवूं नये. असें एक परिपत्रक आमच्या भागांतील एका महाविद्यालयांत नुकतेंच फिरलें. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. रोग एका घरचा नाहीं, आणि परिपत्रक लिहिणारे गृहस्थ संगीताचे शत्रु आहेत असेंहि नाहीं. त्यांपैकीं एक तर मैफलींत पहिल्या रांगेंत बसून मान डोलावणारे आहेत.

तरीहि हें शास्त्र चुकीचें आहे, आणि त्याचा अपाय भरून न येणारा आहे, असें आमचें मत आहे. तें सौम्य शब्दांत सांगण्याची आमची इच्छा नाहीं.

प्रथम संग्रह कसला आहे तें पाहावें. सदर महाविद्यालयाच्या संगीत मंडळानें तीस वर्षांत सुमारें चारशें कॅसेटी जमविल्या. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत होणाऱ्या संगीतसभा, अंबाबाईच्या नवरात्रांतील बैठका, औंधास शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० सालापासून चालत आलेला उत्सव, सांगलीच्या गांवभागांतील वाड्यांतून झालेलीं घरगुती गाणीं, असा हा सगळा माल आहे. बाजारांत याची एकहि तबकडी कधीं निघाली नाहीं. विद्यार्थ्यांनीं दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्चून या कॅसेटी संगणकावर उतरविल्या. जतनासाठीं योग्य अशा प्रतीचा ध्वनि उतरवावयाचा, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने आणि प्रत्येक नमुना चोवीस बिटांचा, तर तासाला एक जीबीहून थोडी अधिक जागा लागते. चारशें तासांचे झाले सुमारें ४१५ जीबी. संगीत विभागाच्या वांट्याला आलेली जागा ५० जीबी. यावर समितीनें काढलेला तोडगा असा कीं, सर्व ध्वनि १२८ किलोबिटांच्या एमपी-थ्रीमध्यें दाबून बसवावा, म्हणजे तो २३ जीबींत मावेल. त्यांतूनहि 'पुनरावृत्ति' काढल्यास वर्षाच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींना जागा उरेल. गणित बिनचूक आहे. आम्हीं तें दोनदां तपासून पाहिलें.

आतां ही पुनरावृत्ति म्हणजे काय? यंत्राला दोन फाइली एकसारख्या वाटतात त्या त्यांचा आकार, लांबी किंवा ध्वनीचा ठसा जुळला म्हणजे. एकच फाइल तीन फोल्डरांत पडली असेल तर दोन खुशाल काढाव्या. तेथवर यंत्राचा निवाडा आम्हांस मान्य आहे. परंतु समितीचे विद्वान् यंत्राच्याहि पुढें गेले. त्यांनीं फाइलींचीं नांवें वाचलीं. एकाच गायिकेचा यमन पांच ठिकाणीं दिसला, तेव्हां चार यमन जादा आहेत असें त्यांस वाटलें. पुस्तकाच्या पांच प्रती कपाटांत असल्या म्हणजे चार जादा असतात, हा न्याय त्यांनीं गाण्याला लावला. यमन हें पुस्तक नव्हे, आणि मैफल ही त्याची छापील प्रत नव्हे, हें सांगण्याची वेळ मिरजेच्या पंचक्रोशींत यावी याचा आम्हांस विषाद वाटतो.

त्या पांच यमनांकडेच पाहूं. एक आहे बाईंच्या ऐन चाळिशींतला. त्यांत विलंबित ख्याल पाऊण तास चालतो आणि समेवर येण्याची त्यांना मुळींच घाई नाहीं. दुसरा बारा वर्षांनंतरचा. आवाज अर्ध्या सुरानें उतरला आहे, तानांची लांबी आखूड झाली आहे, आणि त्या तुटीची भरपाई म्हणून गांधारावर एक असा ठेहराव आला आहे कीं जो पहिल्या यमनांत शोधूनहि सांपडत नाहीं. तिसऱ्यांत तबल्याशीं त्यांचें बिनसलें आहे. दोन आवर्तनांनंतर लय कोणाच्या हातीं राहावयाची यावरून उघड झगडा ऐकूं येतो, आणि संगीताच्या विद्यार्थ्याला त्या झगड्यांतून जेवढें शिकतां येईल तेवढें निर्दोष साथींतून येणार नाहीं. चौथ्यांत पाऊस पडतो आहे. पांचवा यमन ध्वनिदृष्ट्या सर्वांत स्वच्छ आहे, आणि आमच्या मतें तो पांचांतला सर्वांत सामान्य आहे. समितीनें ठेवावयास निवडला तो हा पांचवा.

पाश्चात्य संगीतांत रचना कागदावर असते. एखाद्या सिंफनीची एक तबकडी हरवली तरी सिंफनी हरवत नाहीं. आमच्याकडे कागदावर असते ती बंदिशीची चार ओळींची खुंटी. तिच्यावर टांगलेलें सगळें वस्त्र त्या त्या रात्रीं विणलें जातें आणि त्याच रात्रीं उसवलें जातें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांचें गाणें ऐकलेल्या पिढीनें त्यांच्याविषयीं भरभरून लिहिलें. परंतु आवाज मात्र एकाहि तबकडींत उरला नाहीं. अब्दुल करीम खांसाहेबांनीं मिरजेस घर केलें; १९३७ सालीं मद्रास इलाख्यांत प्रवासांत असतां ते निवर्तले आणि त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारांत ठेवला. त्यांचे स्वर आज जगाजवळ आहेत ते मुख्यतः तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत, कारण दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढीच वाजत असे. म्हणजे त्या काळींहि जागेची मर्यादा होतीच! तेव्हांच्या यंत्रानें खांसाहेबांचा ख्याल तीन मिनिटांत कोंबला, त्याला इलाज नव्हता. आज यंत्राची मर्यादा उठली असतां आम्ही ती परिपत्रकानें पुनः आणावी, आणि तिला व्यवस्थापन हें नांव द्यावें, याला काय म्हणावें?

मोठ्या फाइली लहान करण्याविषयीं आम्ही थोडें सावधपणें बोलूं, कारण या बाबतींत संगीतप्रेमी मंडळीहि पुष्कळदां भलतेंच बोलतात. एमपी-थ्रीमुळें श्रुति बिघडतात असा एक प्रवाद आहे, तो खरा नाहीं. स्वराची उंची त्यांत जशीच्या तशी राहते. ही पद्धत करते तें असें कीं, मोठ्या आवाजाच्या आड दडणारे बारीक ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येणार नाहींत असें गृहीत धरून ते गाळते, आणि कमी बिटांत बसवावयाचें असेल तर वरच्या पट्टींतील कंपनें बहुधा कापून टाकते. बसमध्यें कानांत दोन बोंडें घालून ऐकणाऱ्याला हें पुरेसें आहे, आणि आम्हीहि सांगली-सातारा प्रवासांत तसेंच ऐकतों. परंतु जतन करावयाच्या प्रतीचें काम निराळें. कॅसेटीची घरघर उद्यां अधिक चांगल्या रीतीनें काढतां येईल, फितीची चाल मंदावल्यामुळें उतरलेला स्वर दुरुस्त करतां येईल. मात्र त्यासाठीं मूळ ध्वनि, त्यांतील घरघरीसकट, पुरा हाताशीं पाहिजे. एकदां गाळलेलें परत येत नाहीं, आणि गाळलेल्यावर पुनः काम करून पुनः गाळलें म्हणजे व्रण उमटूं लागतात. शिवाय गाळलें काय जातें? गवयाच्या आवाजाआडचा बारीक ध्वनि म्हणजे आमच्या मैफलींत प्रायः तंबोराच कीं! मिरजेच्या सतारमेकर गल्लींत घोडीवर जवारी काढणारा कारागीर कानसेचा एक हात कमी किंवा अधिक फिरवावा यासाठीं अर्धा-अर्धा तास कान लावून बसतो. त्या कसबाला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आम्ही सर्वांनीं अभिनंदनाचे ठराव केले. ज्या जवारीचा आम्हीं गौरव केला तीच चारशें कॅसेटींतून पातळ करावी, असा ठराव त्याच सभागृहांत व्हावा हें विचित्र आहे.

याच ठिकाणीं एका जुन्या प्रकरणाची आठवण केल्यावांचून राहवत नाहीं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल, 'शारदा'कार गोविंदरावांचे बंधु, यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बावीस श्रुतींचें मापन करण्याचा ध्यास घेतला. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याची त्यांना मदत झाली. साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमंट्स नांवाचे इंग्रज गृहस्थ त्यांना मिळाले, आणि १९११ सालीं या मंडळींनीं साताऱ्यास फिलहार्मोनिक सोसायटी स्थापन केली. त्यांनीं बनविलेली श्रुतींची पेटी पुढें फारशी चालली नाहीं. त्यांचे सिद्धांतहि पंडितांनीं खोडून काढले. तें सर्व खरें. परंतु एका पेन्शनरानें आणि एका न्यायाधीशानें, हातीं साधनें जवळजवळ नसतां, दोन स्वरांमधील अंतर मोजण्यासाठीं इतका खटाटोप केला, त्याच सांगली-साताऱ्यांत शंभर वर्षांनंतर, हातीं सगळीं साधनें असतां, 'ऐकूं येत नाहीं तें काढून टाका' हें आमचें धोरण ठरतें आहे.

तिसरा सल्ला, जें अन्यत्र मिळतें तें ठेवूं नये, हा वरकरणीं सर्वांत शहाणपणाचा. तबकड्यांच्या व्यापारी संगीतापुरता तो बराचसा खराहि आहे. पण मिळतें म्हणजे कोठें मिळतें, आणि किती दिवस? गूगलची प्ले म्युझिक ही सेवा पन्नास हजार गाणीं फुकट ठेवून घेत असे. ती २०२० सालीं बंद झाली. ॲमेझॉननें लोकांनीं ठेवलेलीं गाणीं सांभाळण्याची आपली व्यवस्था २०१८ च्या सुमारास गुंडाळली. मायस्पेस या एके काळच्या गाजलेल्या ठिकाणीं २००३ ते २०१५ या काळांत लोकांनीं चढविलेलें संगीत एका स्थलांतरांत नष्ट झाल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें. पांच कोटींहून अधिक गाणीं गेलीं असा अंदाज तेव्हां प्रसिद्ध झाला. आपल्याकडचें विंक २०२४ सालीं मिटलें. फोटोंना अमर्याद जागा १ जून २०२१ पासून संपली. शिक्षणसंस्थांना तर प्रथम 'वाटेल तेवढें ठेवा' असें सांगून संवय लावण्यांत आली, आणि मग जुलै २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून शंभर टेराबाइट अशी हद्द घालण्यांत आली. या कंपन्यांना आम्ही दोष देत नाहीं. त्या व्यापारी आहेत. नफा असेल तोंवर दुकान उघडें ठेवतील. आमचा वाद आहे तो दुकानाला ग्रंथालय समजणाऱ्या आमच्या प्राध्यापकांशीं आणि प्राचार्यांशीं.

बराचसा घोटाळा त्या 'क्लाउड' या शब्दानें केला आहे. मेघदूताच्या देशांत मेघ म्हटलें कीं आमचे लोक विश्वासून बसतात. यक्षाचा निरोप त्या मेघानें विनामूल्य पोंचविला, आणि वाटेंत त्यांतले चार श्लोक जागेअभावीं गाळलेहि नाहींत! प्रत्यक्षांत हा मेघ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या कोठारांतील दुसऱ्याच्या डिस्क होत. त्यांवरील माळा आपण भाड्यानें घेतों. भाडें थकलें, खातें दोन वर्षें उघडलें नाहीं, खातें ज्याच्या नांवावर होतें तो लिपिक निवृत्त झाला, कीं सामान बाहेर. त्यांतून संगणक आणि क्लाउड एकमेकांशीं जुळवून ठेवण्याची जी सोय आहे तिला पुष्कळ लोक जतन समजतात. ती तशी नाहीं. एका ठिकाणीं पुसलें कीं ती दुसऱ्या ठिकाणींहि इमानेंइतबारें पुसते. कचऱ्याच्या टोपलींत तीस दिवस राहतें, आणि मग तेंहि जातें. एखाद्या उत्साही विद्यार्थ्यानें आपल्या फोनवर जागा व्हावी म्हणून रविवारीं केलेली साफसफाई कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वीं मंडळाच्या संग्रहास भोंवूं शकते.

"मग हें सगळें यूट्यूबवर चढवून मोकळें व्हा," असें एका तरुण सहकाऱ्यानें सुचविलें. सूचना प्रेमाची होती, तरी ग्राह्य नाहीं. १९५७ च्या कायद्याप्रमाणें प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षांनीं संपतो, म्हणून खांसाहेबांच्या तबकड्या आज सर्वांच्या आहेत. घरगुती बैठकींत विश्वासानें गायिलेलें गाणें तसें नव्हे. त्यावर गाणाऱ्याचा हक्क आहे, आणि कायदा बाजूस ठेवला तरी सभ्यता आहे. खोकला येऊन तुटलेली तान जगासमोर मांडण्याची परवानगी त्या बाईंनीं कोणास दिली नव्हती. जतन करणें आणि चव्हाट्यावर मांडणें हीं दोन निराळीं कामें आहेत.

आतां आमच्याविरुद्धचा खरा आक्षेप. तो परिपत्रकांत नाहीं. सांगलीच्या कोणाहि मनुष्याच्या मनांत तो आपोआप येतो. घरीं ठेवा म्हणतां, पण कोणत्या घरीं? ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांची. त्या पुरांत नगर वाचनालयाचे ग्रंथ भिजले, दुकानें बुडालीं, आणि गांवभागांतील कित्येक घरांतून फोटो, दप्तरें, हार्मोनियम चिखलांतून उचलून फेकावीं लागलीं. २००५ सालीं हेंच झालें होतें, २०२१ सालीं पुनः झालें. त्या आठ दिवसांत ज्यांचें सामान त्या भाड्याच्या आभाळांत होतें त्यांचें तेवढें वांचलें, हें आम्हांस मान्य केलेंच पाहिजे. डिस्कहि पुराविना मरतात. चार-सहा वर्षांत एखादी अचानक मुकी होते.

परंतु या आक्षेपाचें उत्तर एका भाड्याच्या माळ्यावर सर्वस्व टाकणें हें नव्हे. उत्तर याच नदीच्या कांठीं आहे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उंचावर आहे. कृष्णा त्याच्या खालीं माहुलीवरून जाते. सांगलीच्या संग्रहाची एक पुरी प्रत साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयांत असावी, औंधच्या आणि साताऱ्याच्या संग्रहाची प्रत सांगलींत, तीहि तळमजल्यावर नव्हे. तिसरी पुरी प्रत मंडळाजवळ. ध्वनीला धक्का न लावता आकार कमी करणारी फ्लॅक नांवाची पद्धत आहे, तिनें ४१५ जीबींचे पुष्कळदां निम्म्याच्या आसपास होतात. म्हणजे दोन टेराबाइटच्या एका साध्या डिस्कवर हा संग्रह ठेवून पुढील दहा वर्षांच्या मैफलींना जागा उरते, आणि अशी डिस्क मिरजेच्या बऱ्यापैकीं तंबोऱ्याहून स्वस्त पडते. प्रत्येक फाइलीची चेकसम नांवाची आंकडी खूण काढून ठेवावी आणि वर्षांतून एकदां ती जुळवून पाहावी. एक अक्षरहि बिघडलें तर खूण जुळत नाहीं. क्लाउडमध्यें ती २३ जीबींची एमपी-थ्री प्रत खुशाल ठेवावी, विद्यार्थ्यांच्या ऐकण्यासाठीं. तेथें ती शोभते. एवढ्या कामास लागणारा पैसा मंडळाच्या एका वार्षिक मैफलीच्या मांडवखर्चाहून अधिक नाहीं.

पैशाहून कठीण आहे तें नांवें घालण्याचें काम, आणि परिपत्रकांत त्याविषयीं एक शब्दहि नाहीं. संगणकाचीं गाण्याचीं कपाटें कलावंत, अल्बम आणि गाणें अशा तीन कप्प्यांचीं असतात. तीं चित्रपटाच्या बाजारासाठीं केलेलीं आहेत. मैफलीला अल्बम नसतो. तिला जागा असते, तिथि असते, तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण होतें हें असतें, विलंबितांत कोणती बंदिश आणि द्रुतांत कोणती हें असतें. आज या चारशें फाइलींपैकीं पुष्कळांचें नांव 'ट्रॅक ०१, बाजू ब' एवढेंच आहे. समितीला त्या जादा वाटल्या, यांत मोठा वांटा या नांवांचा आहे, आणि तेवढ्यापुरता दोष संगीत मंडळाकडेहि जातो. यादी करणें म्हणजे प्रत्येक कॅसेट पुरी ऐकणें, जाणत्या श्रोत्याजवळ बसून ऐकणें, आणि तो सांगेल तें लिहून घेणें. तें कोणतेंहि यंत्र आज करूं शकत नाहीं. गवयानें चिठ्ठी पाहून एका विशिष्ट यजमानासाठीं कोणती चीज गायिली, हें त्या यजमानाच्या शेजारीं बसलेल्यालाच ठाऊक.

आम्हीं या कामाचा आरंभ केला आहे. पहिल्या पेटींत चाळीस कॅसेटी निघाल्या. त्यांतील अकरांवर पेन्सिलीनें नुसतें 'यमन, रात्र दुसरी' किंवा तत्सम कांहीं लिहिलेलें आहे. तो आवाज कोणाचा, हें ऐकतांच सांगूं शकतील असे दोन श्रोते आमच्या माहितींत आहेत, एक सांगलीस आणि एक साताऱ्यास. दोघांनींहि ऐंशी ओलांडली आहे. 'जादा' फाइली काढून टाकण्यासाठीं परिपत्रकानें घातलेली मुदत येत्या ३१ मार्चची आहे.